तारेचा धनी कोण?

बोरीबंदरहून ठाण्यास पहिली आगगाडी 16 एप्रिल 1853 रोजी धावली, हे शाळकरी मुलासही ठाऊक असते. पण त्याआधीच, 1851 साली, कलकत्ता ते डायमंड हार्बर ही विजेची तार कंपनी सरकारच्या कामास लागली होती, याची आठवण फारशी कोणी ठेवीत नाही. विल्यम ओशॉनेसी हा तिचा कर्ता पेशाने डॉक्टर, आणि कलकत्त्याच्या वैद्यक महाविद्यालयात रसायनशास्त्राचा अध्यापक. आगगाडीच्या इतिहासावर आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले; तारेच्या इतिहासाकडे मात्र आपण खात्याचा कारभार म्हणूनच पाहात आलो. आमच्या मते त्या इतिहासात राज्यशास्त्रातला एक मोठा प्रश्न दडलेला आहे. तो असा की, माणसाने माणसाशी दुरून बोलावयाचे, तर त्या बोलण्याच्या वाटेचा धनी कोण?

इंग्रज राजवटीचे उत्तर निःसंदिग्ध होते. 1857 च्या मे महिन्यात दिल्लीच्या तारघरातून अंबाल्यास गेलेल्या संदेशाने पंजाबातील अधिकारी वेळीच सावध झाले. तार म्हणजे राज्य राखण्याचे हत्यार, हा धडा सरकार विसरले नाही. 1885 च्या टेलिग्राफ कायद्याने तो पक्का केला. त्यातील चौथ्या कलमाने तारयंत्रणा उभारण्याचा व चालविण्याचा अनन्य अधिकार सरकारकडे ठेवला. इतर कोणास ते काम करावयाचे तर सरकारचा परवाना हवा. पाचव्या कलमाने सार्वजनिक आणीबाणीच्या वा सुरक्षिततेच्या कारणास्तव संदेश अडविण्याची व पाहण्याची मुभा सरकारला दिली. पुढील सव्वाशे वर्षांत टेलिफोन, बिनतारी, मोबाईल, इंटरनेट असे जे जे आले, ते या एका ‘टेलिग्राफ’ शब्दाच्या पोटात सामावले गेले.

या परवाना पद्धतीची चुणूक टेलिफोनच्या बाबतीत आधीच दिसली होती. 1880 मध्ये दोन इंग्रज कंपन्यांनी परवानगी मागितली. हा सरकारचा मक्ता आहे असे सांगून ती नाकारण्यात आली. लगेच 1881 मध्ये धोरण फिरले, आणि 1882 च्या जानेवारीत मुंबई, कलकत्ता व मद्रास येथे कंपनीची टेलिफोन केंद्रे सुरू झाली. 1943 मध्ये सरकारने ती विकत घेतली. देणेही सरकारच्या मर्जीवर आणि घेणेही!

स्वातंत्र्य आले तेव्हा अवघ्या देशात सुमारे 80 हजार टेलिफोन होते. यंत्रे येथेच व्हावीत म्हणून 1948 मध्ये बंगळूर येथे इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज हा कारखाना निघाला. 1960 मध्ये लखनौ-कानपूर दरम्यान ग्राहकाला स्वतः नंबर फिरवून परगावी बोलता येऊ लागले. ही कामगिरी थोडी नव्हे. पण कायदा तोच राहिला आणि दृष्टीही बहुधा तीच राहिली. टेलिफोन ही चैनीची वस्तू मानली गेली. अर्ज करून वर्षानुवर्षे वाट पाहावयाची, हे मध्यमवर्गीय घराच्या अंगवळणी पडले. 1984 मध्ये सी-डॉट ही संशोधन संस्था निघाली. तिने वातानुकूलनाशिवाय चालणारी छोटी केंद्रे खेड्यांसाठी तयार केली. त्याच सुमारास पिवळ्या पाटीची एस.टी.डी. बूथ गावोगाव उघडली, आणि ज्याच्या घरी फोन नाही त्यालाही दूरचा आवाज ऐकता आला. आमच्या समजुतीप्रमाणे खरी क्रांती तेथून सुरू झाली. मोबाईलने ती पुढे नेली.

1994 च्या धोरणाने खासगी कंपन्यांना दार उघडले. 31 जुलै 1995 रोजी ज्योती बसूंनी कलकत्त्याहून दिल्लीस सुखराम यांच्याशी मोबाईलवरून संभाषण केले. परंतु येथे एक विपरीत गोष्ट घडली. धोरण ठरविणारे, परवाने देणारे आणि स्वतः टेलिफोन चालविणारे खाते एकच होते. ज्याची पेठ, त्याचेच दुकान आणि तराजूही त्याच्याच हाती! म्हणून 1997 मध्ये ‘ट्राय’ हे नियामक प्राधिकरण निर्माण करावे लागले. परवाना देणाऱ्या सरकारवर त्याची सत्ता किती, हा वाद न्यायालयात गेला व 1998 मध्ये तेथे प्राधिकरणाची बाजू पडली. 2000 साली कायदा दुरुस्त होऊन तंट्यांसाठी स्वतंत्र न्यायाधिकरण आले; दर ठरविणे प्राधिकरणाकडे राहिले, परवान्यांबाबत मात्र त्याने शिफारस करावयाची आणि निर्णय सरकारने घ्यावयाचा. टेलिफोन चालविण्याचे काम त्याच वर्षी खात्याकडून काढून भारत संचार निगमकडे देण्यात आले.

मालकीच्या मूळ प्रश्नाला वेगळे उत्तर दिले ते न्यायालयांनी. फेब्रुवारी 1995 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आकाशलहरी ही सार्वजनिक मालमत्ता ठरविली. 1996 मध्ये त्याच न्यायालयाने फोन चोरून ऐकण्यावर कार्यपद्धतीचे बंधन घातले. 2008 मध्ये ‘प्रथम येईल त्यास प्रथम’ या रीतीने दिलेले 122 परवाने 2012 मध्ये रद्द झाले. त्या प्रकरणातील आरोपींना 2017 मध्ये विशेष न्यायालयाने निर्दोष सोडले, हेही सांगितले पाहिजे. परंतु लोकांची मालमत्ता मर्जीने वाटता येत नाही, हे तत्त्व त्यामुळे ढळत नाही.

आज आकडे डोळे दिपविणारे आहेत. 2024 अखेर देशातील जोडण्या 115 कोटींच्या वर होत्या. मात्र शहरांत शंभर माणसांमागे 130 च्या वर जोडण्या, तर खेड्यांत 60 हून कमी, ही तफावत आहेच. देशभर सेवा देणाऱ्या खासगी कंपन्याही तीनच उरल्या. एका मक्त्याच्या जागी मोजक्यांचा मक्ता येऊ नये, ही चिंता अनाठायी नाही.

1885 च्या कायद्याची जागा घेण्यासाठी 2023 चा दूरसंचार कायदा झाला व 2024 पासून टप्प्याटप्प्याने अंमलात येऊ लागला. त्यात सरकार हे लहरींचे मालक आहे ते लोकांच्या वतीने, असे स्पष्ट लिहिले आहे. जुन्या कायद्यात हे शब्द नव्हते. मात्र संदेश अडविण्याचे व सेवा बंद ठेवण्याचे अधिकार नव्या कायद्यातही सरकारकडेच आहेत. ‘लोकांच्या वतीने’ हे शब्द खरे करावयाचे, तर वतनदाराने कुळाकडे पाहावे तसे न पाहता, मुखत्याराने धन्याला हिशेब द्यावा तसा तो सरकारने दिला पाहिजे. आणि धन्यालाही हिशेब मागण्याची सवय हवी. स्वस्त दरावर समाधान मानणारा ग्राहक होणे सोपे असते. आपल्या बोलण्याची वाट कोण अडवितो आणि का, हे विचारणारा नागरिक होणे अवघड. या इतिहासाने आपल्यापुढे ठेवलेले काम ते दुसरे आहे.