नवी रायफल का अडकते? काडतुसाचा मॅगझीन ते चेंबर प्रवास, सोप्या भाषेत

‘रायफल जॅम झाली’ ही तक्रार म्हणजे ‘ॲप चालत नाही’ या तक्रारीची सख्खी बहीण. काहीतरी बिघडलंय एवढंच कळतं. काय, कुठे आणि का, यातलं काहीच कळत नाही. मी पेशाने सॉफ्टवेअर इंजिनिअर. पण माझा मावसभाऊ एनसीसीत आहे, आणि फायरिंग कॅम्पहून आल्यावर त्याने विचारलं की रायफल अडकते म्हणजे नेमकं काय होतं. उत्तर शोधताना लक्षात आलं, हे तर शुद्ध डीबगिंग आहे!

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. भारतात शस्त्र कायदा, १९५९ नुसार परवान्याशिवाय बंदूक बनवणं गुन्हा आहे. इथे आपण बोलतोय ते कारखाना आणि चाचणी मैदानावरच्या इंजिनिअरिंगबद्दल.

एका गोळीचं चक्र

आपल्या सैन्याची इन्सास रायफल घ्या. तिचं डिझाइन पुण्यातल्या पाषाणच्या एआरडीई या डीआरडीओच्या प्रयोगशाळेतलं. काडतूस ५.५६ × ४५ मिमी, मॅगझीन २० गोळ्यांचं. गोळी सुटली की नळीतला थोडा गॅस वरच्या बाजूला वळवला जातो आणि तो दट्ट्याला मागे ढकलतो. दट्ट्याबरोबर बोल्ट फिरून उघडतो, मागे जातो, रिकामी पुंगळी खेचून बाहेर फेकतो. मग स्प्रिंग बोल्टला पुढे ढकलते. जाता जाता बोल्ट मॅगझीनमधलं सगळ्यात वरचं काडतूस उचलतो, उतारावरून चेंबरमध्ये सरकवतो आणि फिरून कुलूप लावतो.

हे सगळं साधारण एक दशांश सेकंदात होतं. तेवढ्या वेळात मॅगझीनच्या स्प्रिंगने पुढचं काडतूस वर आणून ठेवलेलं असायला हवं. म्हणजे दोन स्प्रिंगांची शर्यत आहे. प्रोग्रॅमिंगवाल्यांना ‘रेस कंडिशन’ आठवली असेल, तर बरोबर आठवली.

लक्षण बघा, मग संशयित ठरवा

काडतूस कुठे थांबलं, यावरून बरंच काही कळतं:

• रिकामी पुंगळी बाहेर पडली, पण नवं काडतूस उचललंच गेलं नाही: एकतर बोल्ट पुरेसा मागे गेला नाही (गॅस कमी पडला किंवा घर्षण जास्त झालं), नाहीतर मॅगझीनने काडतूस वेळेत वर दिलं नाही.

• काडतुसाचं टोक चेंबरच्या तोंडाखाली अडलं: मॅगझीन नीट बसलेलं नाही, त्याचे वरचे ‘ओठ’ वाकलेत, किंवा उतारावर खरखरीतपणा राहिलाय.

• दोन काडतुसं एकदम वर आली: ओठांची पकड सैल आहे. मॅगझीनवर पहिला संशय.

• काडतूस जवळजवळ पूर्ण आत गेलं, पण बोल्टला कुलूप लागलं नाही: चेंबरमध्ये घाण किंवा धातूचा कीस, चेंबरचं माप घट्ट, किंवा काडतूसच मापाबाहेर.

• जुनी पुंगळी आतच राहिली आणि नवं काडतूस तिच्यावर आदळलं: दिसतो फीडिंगचा बिघाड, पण खरा दोष पुंगळी खेचण्याचा. सगळ्यात जास्त फसवणारा प्रकार हाच.

मॅगझीन: साधा डबा, मोठा त्रास

इन्सासचं मॅगझीन पारदर्शक प्लास्टिकचं. गोळ्या किती उरल्यात ते बाहेरून दिसावं, ही कल्पना चांगलीच होती. पण १९९९ मध्ये कारगिलच्या थंडीत मॅगझीनला तडे जाण्याच्या आणि रायफल अडकण्याच्या तक्रारी आल्या. तडा गेला की ओठांमधलं अंतर बदलतं, काडतूस चुकीच्या कोनात वर येतं आणि बाकीची रायफल ठणठणीत असली तरी उपयोग नाही. समोर शत्रू असताना मिलिमीटरच्या फरकाची ही किंमत.

म्हणून पहिली चाचणी सोपी: प्रत्येक मॅगझीनवर नंबर टाका. अडचण तीन नंबरच्या मॅगझीनमागे फिरत असेल तर रायफलीला हात लावू नका. सगळ्या मॅगझीनमध्ये तीच असेल, तरच पुढे चला.

काडतूस बदललं की रायफल बदलते

याचं गाजलेलं उदाहरण अमेरिकेच्या एम-१६ चं. मूळ डिझाइन ज्या दारूवर तपासलं होतं, ती १९६४ मध्ये बदलली. नव्या दारूने रायफलीचा वेग वाढला आणि काजळीही वाढली. त्यात चेंबरला क्रोमचा मुलामा नव्हता, आणि ‘हिला साफसफाई लागत नाही’ अशा समजुतीत अनेक सैनिकांना सफाईचं साहित्यच मिळालं नव्हतं. व्हिएतनामच्या दमट हवेत चेंबर गंजले, पुंगळ्या आत चिकटल्या, सैनिक मेले. १९६७ मध्ये अमेरिकी संसदेच्या समितीने याची चौकशी केली. पुढे चेंबरला क्रोम आलं, सफाईचं साहित्य आणि प्रशिक्षण आलं.

मी जुहूला राहतो. इथल्या खाऱ्या हवेत खिडकीच्या बिजागऱ्या पावसाळ्याआधीच तांबड्या होतात, त्यामुळे हे पटायला वेळ लागला नाही.

आपल्याकडे ५.५६ ची काडतुसं जळगाव जिल्ह्यातल्या वरणगावच्या कारखान्यात बनतात. डिझाइन एका ठिकाणी, रायफल दुसऱ्या, काडतूस तिसऱ्या: अशा वेळी बिघाड बहुतेकदा दोघांच्या सांध्यावर असतो आणि प्रत्येक जण म्हणतो, ‘आमचा भाग बरोबर आहे.’

नवेपणाचे दोष

नव्या रायफलीत घासणारे पृष्ठभाग अजून गुळगुळीत झालेले नसतात. साठवणुकीसाठी लावलेलं घट्ट ग्रीस राहिलेलं असू शकतं. नव्या मॅगझीनची स्प्रिंग कडक असते, त्यामुळे गच्च भरल्यावर वरचं काडतूस ओठांत दाबून बसतं. यातले काही दोष थोड्या फायरिंगनंतर आपोआप जातात. पण चेंबरचं चुकलेलं माप वापराने सुधारत नाही. ‘हळूहळू रुळेल’ हे वाक्य मापं तपासल्यानंतरच म्हणायचं.

आणि बोल्ट बंद होत नसेल तर ठोकून बंद करायचा नाही. एम-१६ वर बोल्ट पुढे ढकलायचं बटण हवं की नको, यावर अमेरिकी भूदल आणि हवाईदलाचं एकमत झालं नव्हतं. भूदलाने ते बसवून घेतलं, हवाईदलाने नाकारलं. डिझाइनर यूजीन स्टोनरही बटणाच्या विरोधात होता. आत जायला तयार नसलेलं काडतूस जबरदस्तीने कोंबलं, तर अडचण आणखी घट्ट होते.

आधी बघा, मग मोकळं करा

आपल्या सैन्यात अशा अडथळ्यांना ‘रोकें’ म्हणतात आणि त्यावरच्या झटपट कृतीला ‘फौरी इलाज’. युद्धात हेच बरोबर: कारण शोधत बसायचं नाही, रायफल चालू करायची. सर्व्हर पडल्यावर आपणही आधी रीस्टार्टच करतो.

पण चाचणी मैदानावर हीच सवय घातक. बोल्ट मागे ओढला की काडतूस खाली पडतं आणि पुरावा गेला. तिथे नळी सुरक्षित दिशेला, बोट ट्रिगरपासून दूर, आणि आधी फोटो. मग नोंद: मॅगझीन क्रमांक, काडतुसाचा लॉट, कितवी गोळी, नळी गरम की थंड, शेवटची सफाई कधी. त्यानंतर एका वेळी एकच गोष्ट बदलायची, या क्रमाने: मॅगझीन, काडतूस, सफाई आणि तेल, गॅसची सेटिंग, आणि शेवटी चेंबरचं माप. मॅगझीन आणि गॅस एकदम बदलले आणि रायफल चालली, तर दोष गेला हे कळेल. कोणता होता हे कळणार नाही. तो पुढच्या शंभर रायफलींत परत येईल.

अशा नोंदी नसल्या की काय होतं, तेही पाहिलंय. २००५ मध्ये नेपाळमधल्या कालीकोटच्या चकमकीत ४० हून अधिक सैनिक गेले. नेपाळी लष्कराने इन्सासला दोष दिला. भारताकडून उत्तर आलं की वापर आणि देखभाल चुकली. वाद तिथेच राहिला.

जानेवारी २०२४ मध्ये एआरडीईने ‘उग्रम’ ही नवी ७.६२ मिमी रायफल पुण्यात सादर केली. अशी कुठलीही नवी रायफल चाचणीत अडकणारच, त्यात लाज नाही. चाचणी असते त्याचसाठी. अडकलेलं काडतूस काढण्याआधी कोणीतरी त्याच्याकडे नीट पाहिलं पाहिजे, एवढंच.