अनेकवचन कोणाला? क्लिंगॉनपासून नागपूरच्या गोंडी-कोरकूपर्यंत

१/ ‘स्टार ट्रेक’मधील क्लिंगॉन ही परग्रहवासीयांची भाषा आहे आणि ती अक्षरशः घडवलेली आहे. मार्क ओक्रँड या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने १९८४च्या तिसऱ्या चित्रपटासाठी तिची रचना केली. १९८५ मध्ये तिचा कोश व व्याकरण प्रसिद्ध झाले. आजचा धागा तिच्या एका छोट्या नियमाविषयी आणि त्या नियमाच्या नागपूर परिसरातील नातलगांविषयी आहे.

२/ क्लिंगॉनमध्ये अनेकवचनाचे प्रत्यय तीन. बोलू शकणाऱ्या जीवांसाठी ‘-पू’, शरीराच्या अवयवांसाठी ‘-डू’ आणि उरलेल्या सर्वांसाठी ‘-मेय’. ‘पुक’ म्हणजे मूल, ‘पुकपू’ म्हणजे मुले. ‘घोप’ म्हणजे हात, ‘घोपडू’ म्हणजे हात अनेक. यातला ‘ड’ आपल्यासारखाच मूर्धन्य आहे, हा आणखी एक गमतीचा भाग.

३/ म्हणजे या व्याकरणात ‘किती?’ याआधी ‘कोण?’ हा प्रश्न येतो. ज्याला वाचा आहे त्याचा वर्ग वेगळा. हीच विभागणी ‘माझा’, ‘तुझा’ या अर्थाच्या प्रत्ययांतही आहे. आपल्या स्वामीला वस्तूंसाठीचा ‘माझा’ लावला, तर वाक्य समजते, पण तो अपमान ठरतो.

४/ हे सारे कल्पनारंजन वाटेल, पण तसे नाही. तमिळच्या प्राचीन ‘तोल्काप्पियम्’ या व्याकरणात नामांचे दोन मोठे वर्ग सांगितले आहेत: उयर्तिणै, म्हणजे मनुष्य, आणि अह्रिणै, म्हणजे मनुष्येतर सर्व. १८५६ मध्ये द्राविडी भाषांचे तुलनात्मक व्याकरण लिहिणाऱ्या रॉबर्ट कॉल्डवेलने या वर्गांची ओळख ‘उच्चजातीय’ आणि ‘जातिहीन’ अशा शब्दांत करून दिली. व्याकरणाचा वर्ग समजावताना समाजाची उतरंड कशी हाताशी येते, याचा हा बोलका दाखला.

५/ आता नागपूरकडे येऊ. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद याने वसवलेले हे नगर. १८५३ मध्ये तिसरे रघूजी भोसले निधन पावले आणि राज्य इंग्रजांनी खालसा केले. त्याआधीच, १८४५ मध्ये, स्टीफन हिस्लॉप हा स्कॉटिश मिशनरी येथे पोहोचला होता. त्याने परिसरातील आदिवासींच्या भाषांतील शब्द आणि गोंडी गीते टिपून ठेवली. १८६३ मध्ये तो बुडून मरण पावला. त्याची टिपणे मध्य प्रांताचे मुख्य आयुक्त रिचर्ड टेंपल यांनी १८६६ मध्ये संपादून छापली.

६/ पुढे ग्रियर्सनच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाचा चौथा खंड १९०६ मध्ये निघाला. तो स्टेन कोनो या नॉर्वेच्या विद्वानाने सिद्ध केला. त्यात मुंडा आणि द्राविडी ही दोन्ही कुळे आहेत; म्हणून आपल्या विदर्भातील दोन शेजारणी, कोरकू आणि गोंडी, एकाच खंडात भेटतात.

७/ गोंडी द्राविडी कुळातली. ‘कै’ म्हणजे हात, अनेकवचन ‘कैक’. ‘कन’ म्हणजे डोळा, अनेकवचन ‘कंक’. खरी गंमत सर्वनामांत आहे. ‘वोर’ म्हणजे तो, ‘वोर्क’ म्हणजे ते पुरुष. ‘अद’ म्हणजे ती किंवा ते, आणि ‘अव’ म्हणजे त्या स्त्रिया, ती जनावरे किंवा त्या वस्तू. विभागणी पुरुष आणि पुरुषेतर अशी. एकवचनातही आणि अनेकवचनातही.

८/ शेजारच्या तेलुगूत एकवचनी स्त्री अशीच पुरुषेतर वर्गात असते, पण अनेकवचनात ती मनुष्यांच्या वर्गात येते. एकाच कुळातल्या भाषांनी रेषा निरनिराळ्या ठिकाणी ओढली.

९/ येथे घाईने निष्कर्ष काढण्याचा मोह होतो: ‘गोंड समाज स्त्रीला वस्तू मानत होता.’ इतिहासाच्या विद्यार्थ्याने हा मोह आवरावा. मराठीत ‘लेकरू’ नपुंसकलिंगी आहे. म्हणून कोणती आई लेकराला वस्तू समजते? व्याकरणाचा वर्ग हा फार जुना साचा असतो. समाजाचे मन जाणून घ्यायचे तर कायदे, चालीरीती, कथा आणि माणसे यांच्याकडेच जावे लागते.

१०/ मेळघाटातील कोरकू मुंडा कुळातली, म्हणजे संताळी-मुंडारीची बहीण. तिच्यात द्विवचन जिवंत आहे. ‘सिटा’ म्हणजे कुत्रा. ‘सिटाकिंग’ म्हणजे दोन कुत्रे. ‘सिटाकू’ म्हणजे पुष्कळ कुत्रे. हे प्रत्यय मुख्यतः सजीवांना लागतात. येथे रेषा वाचेवर नाही, पुरुषत्वावर नाही, ती प्राणावर आहे. संताळीत तर सूर्य, चंद्र आणि तारेही व्याकरणाने सजीव ठरतात. संस्कृतात द्विवचन होते. प्राकृतांनी ते टाकले, म्हणून मराठीला ते वारशात मिळालेच नाही.

११/ मग मराठीत अशी रेषा नाही का? आहे, फक्त आपल्या लक्षात येत नाही. आपण ‘तीन खुर्च्या’ म्हणतो, ‘तिघी खुर्च्या’ म्हणत नाही. दोघे, तिघे, चौघे हे शब्द माणसांसाठी राखलेले आहेत. देवांनाही ते चालतात. आणि गोष्टीत ससा, कोल्हा व कासव बोलू लागले, की ‘ते तिघेही निघाले’ असे आपण सहज म्हणतो. वाचा मिळाली की वर्ग बदलतो. क्लिंगॉनच्या ‘-पू’चा नियम आजीच्या गोष्टीत असा आधीपासून बसलेला आहे.

१२/ मराठीची दुसरी रेषा आदराची. ‘बाबा आले’, पण ‘आई आली’. एका माणसाला अनेकवचन देणे हा आपला मान देण्याचा मार्ग. जुन्या कागदात ‘पंत आले’ असे वाचले, तर किती जण आले हे केवळ क्रियापदावरून ठरवता येत नाही. उलट, ज्याला कागदात सतत ‘आला’, ‘गेला’ असे एकवचन मिळते, त्याचे त्या दरबारातील स्थान काय होते, हा प्रश्न विचारावासा वाटतो. गोंडीच्या ‘अव’विषयी नवव्या भागात दिलेला इशारा येथे का लागू नाही? कारण लिंगाचा वर्ग बोलणारा निवडत नाही. ‘आला’ की ‘आले’ हे मात्र लिहिणारा प्रत्येक वेळी निवडतो. जिथे निवड आहे, तिथेच इतिहासाचा पुरावा आहे.

१३/ शेवटी पुन्हा ओक्रँड. क्लिंगॉन घडवण्यापूर्वी, १९७७ मध्ये, त्याने कॅलिफोर्नियातील मुत्सुन या आदिवासी भाषेच्या व्याकरणावर प्रबंध लिहिला होता. ती अस्खलित बोलणारी शेवटची व्यक्ती, आसेन्सिओन सोलोर्सानो, १९३० मध्येच वारली होती. तिच्याकडून हॅरिंग्टन या अभ्यासकाने टिपून घेतलेल्या कागदांवरच त्याला काम करावे लागले. शेवटी एका माणसाच्या तोंडी उरलेली भाषा कागदावर गेली, आणि त्या कागदांवर शिकलेल्याने पुढे पडद्यासाठी नवी भाषा रचली.

१४/ गोंडी आणि कोरकूची वेळ अजून तशी आलेली नाही. २०११च्या जनगणनेत गोंडी मातृभाषक सुमारे २९ लाख ८४ हजार, तर कोरकू सुमारे ७ लाख २७ हजार होते. दोन्ही भाषा आठव्या अनुसूचीतील २२ भाषांत नाहीत. बालाघाटच्या मुन्शी मंगल सिंह मसराम यांनी १९१८ मध्ये गोंडीसाठी रचलेल्या लिपीला २०१७ मध्ये युनिकोडमध्ये स्थान मिळाले. क्लिंगॉन लिपीचा प्रस्ताव २००१ मध्ये फेटाळला गेला होता. एवढ्या एका बाबतीत आपल्या शेजारणीने परग्रहवासीयांना मागे टाकले.

१५/ मात्र लिपीला संकेतांक मिळाला म्हणजे भाषा घरात बोलली जाईल, असे नाही. क्लिंगॉनचा अभ्यासक्रम डुओलिंगोवर २०१८ पासून आहे, आणि तो शिकण्यात काहीच गैर नाही. त्याच उत्साहाने मेळघाटातला वर्गमित्र ‘दोन कुत्रे’ कसे म्हणतो, हे एकदा विचारून पाहावे. हिस्लॉपला त्यासाठी समुद्र ओलांडावा लागला होता. आपल्याला फक्त शेजारच्या बाकाकडे वळायचे आहे.

आपल्या घरच्या बोलीत अनेकवचन कोणाला मिळते आणि कोणाला नाही, ते खाली अवश्य लिहा. धागा समाप्त.