शिशी आनली का?

अल्लीपूरच्या औषधाच्या दुकानात गेलं की पहिला प्रश्न हाच असायचा. पोटदुखी, ताप हे सगळं नंतर. मिक्स्चर हवं तर शिशी घरून न्यायची, चुलीच्या राखेनं घासून, गरम पाण्यानं धुऊन. माय ती उन्हात पालथी घालून वाळवायची आणि मगच मला पिटाळायची.

कंपाउंडरला आम्ही सगळे डाक्टरच म्हणायचो. चिनीमातीच्या खलात तो पूड घोटायचा, मापाच्या ग्लासातून औंस मोजायचा, शिशी भरायचा. मग कागदाची पट्टी दुमडून कात्रीनं तिच्या कडेला दाते पाडायचा आणि खळीनं ती शिशीवर उभी चिकटवायचा. एक खाच म्हणजे एक डोस. अक्षर न येणारी म्हातारीही खाचा मोजून औषध बिनचूक घ्यायची. गावातल्या औषधविद्येत याहून शहाणी गोष्ट मी पाहिली नाही.

त्याच दुकानाच्या ओट्याला लागून गोटी सोड्याची गाडी उभी राहायची. कापूस हिंगणघाटच्या बाजारात घालून आलेले गाडीवान बैल सोडायचे आणि आधी इथं यायचे. सोडेवाला लाकडी टोपी बाटलीच्या तोंडावर ठेवून तळहातानं दाबायचा. चीं करून गोटी खाली यायची आणि बाटलीच्या मानेतल्या खाचेत अडकायची. लिंबू, काळं मीठ, की फेस थेट बोटांवर. ही बाटली हायरम कॉड या इंग्रजानं 1870 च्या दशकाच्या सुरुवातीला काढली. ती उलटी धरून भरतात. सरळ केली की आतल्या वायूच्या दाबानं गोटी रबराच्या कड्याला घट्ट बसते, वेगळं बूच लागतच नाही.

औषध आणि सोडा शेजारी होते, ते योगायोगानं नव्हे. पाण्यात वायू मुरवायची युक्ती जोसेफ प्रीस्टलीनं 1767 मध्ये शोधली, आणि सुरुवातीला असं पाणी औषध म्हणूनच विकलं जाई. त्यात खायचा सोडा घालत, म्हणून नाव सोडावॉटर. अमेरिकेत तर औषधाच्या दुकानातच सोड्याचं काउंटर असे. अटलांटाच्या पेंबर्टन नावाच्या औषधविक्रेत्यानं 1886 मध्ये कोका-कोला तिथंच आणलं. आमच्याकडं हे शास्त्र कुणी सांगितलं नव्हतं. पण बाजाराच्या दिवशी कुणी ‘पोट लई फुगलं जी’ म्हणत आला, तर डाक्टर आधी गाडीकडं बोट दाखवायचा. ‘एक सोडा घे, नाही उतरलं तर ये.’ पैसे शेजाऱ्याच्या गल्ल्यात जायचे, याची त्याला खंत नसे. त्याचा हा मोठेपणा मला फार उशिरा कळला.

1948 च्या फार्मसी कायद्यानं औषध तयार करून देण्याचं काम नोंदणी झालेल्या माणसाकडं सोपवलं, आणि ते योग्यच झालं. चुकलेल्या मापानं जीव जाऊ शकतो. मिक्स्चर मात्र कायद्यामुळं गेलं नाही. कारखान्यातून तयार गोळ्या येऊ लागल्या, खल कपाटावर चढला, आणि थंड पेयाच्या बाटल्यांनी गाडीही हटवली.

माझ्याकडं त्या गाडीवरची एक बाटली आहे, जाड हिरवट काचेची. आतली गोटी कधीच गेली. बाटली फोडल्याशिवाय ती निघते कशी, हे मला आजही कळलेलं नाही. तुमच्या माळ्यावर अशी बाटली, मापाचा ग्लास किंवा खाचांची पट्टी लागलेली शिशी सापडली, तर भंगारवाल्याला देऊ नका. घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या हातात द्या, आणि तो काय सांगतो ते त्याच दिवशी लिहून ठेवा.