सहाबारी आणि परवाना : नवी मुंबईतील घरगुती शस्त्राचा पूर्वेतिहास

घराच्या रक्षणासाठी शस्त्र घ्यायचे ठरले आहे, पण पत्नीला अर्धस्वयंचलित पिस्तूल हाताळणे नकोसे वाटते, म्हणून तिच्यासाठी रिव्हॉल्व्हर पाहावे, असा विचार वाशी, नेरूळ किंवा पनवेलमधील एखादे कुटुंब करते, तेव्हा तो त्या दोघांचा खासगी निर्णय वाटतो. प्रत्यक्षात कोणत्या बोरचे शस्त्र बाळगता येईल, ते कोणत्या कारखान्यातून येईल, परवाना कोणत्या कारणाने मिळेल आणि तो कोणाच्या नावे निघेल, यांतले बरेचसे १८७८ आणि १९५९ च्या कायद्यांनी त्या कुटुंबाच्या कितीतरी आधी ठरवून ठेवलेले असते. ज्या भूमीवर नवी मुंबई उभी राहिली तिथल्या शस्त्रांचा इतिहास पाहिला, म्हणजे या निवडीत बाईच्या हाताला आणि मताला किती थोडी जागा मिळत आली, हेही ध्यानात येते.

हे शहर वसवणाऱ्या सिडकोची स्थापना १७ मार्च १९७० रोजी झाली, आणि नव्या शहरासाठी ठाणे, पनवेल व उरण या तालुक्यांतील ९५ गावांची जमीन निश्चित करण्यात आली. आगरी आणि कोळी समाजांच्या या पट्ट्यात भातशेती, मिठागरे आणि खाडीतली मासेमारी यांवर घरे चालत असत. कर्नाळा आणि चिरनेरच्या बाजूला जिथे शेताला जंगल भिडते, तिथे रानडुकरांपासून भात राखण्याचे साधन म्हणजे ठासणीची बंदूक. तिच्या नळीच्या तोंडातून आधी दारू ओतायची, वर चिंध्यांचा बोळा आणि छर्रे घालायचे, मग गजाने सारे ठासायचे, मागच्या बाजूला केप बसवायची आणि मगच घोडा पडला की बार उडायचा. एक बार झाला की पुन्हा पहिल्यापासून सारे करावे लागे, आणि पावसात दारू दमट झाली तर तोही बार हुकायचा. या बंदुकीने माणसापासून घर राखता येईल असे फारसे कोणी मानत नसावे, कारण ती पिकासाठीच होती आणि कायदाही तिच्याकडे त्याच नजरेने पाहत आला.

तो कायदा म्हणजे व्हाइसरॉय लिटन यांच्या कारकिर्दीतला १८७८ चा शस्त्र कायदा. हिंदी माणसाला परवान्यावाचून बंदूक बाळगता येऊ नये आणि युरोपियनाला मात्र ती सूट असावी, ही त्याची रचना सुशिक्षित समाजाला इतकी झोंबली, की काँग्रेसने १८८७ च्या मद्रास अधिवेशनातच त्याविरुद्ध ठराव केला. वर्णावर आधारलेली ही सूट १९२० च्या नियमांनी काढून टाकली गेली, तरी गावकरी निःशस्त्र आणि सरकार सशस्त्र हे चित्र बदलले नाही. २५ सप्टेंबर १९३० रोजी चिरनेरजवळ अक्कादेवीच्या माळावर जंगल सत्याग्रहासाठी जमलेल्या लोकांच्या हातांत लाकूडतोडीचे कोयते आणि कुऱ्हाडी होत्या, तर समोरच्या पोलिसांकडे बंदुका. त्या गोळीबारात आठ सत्याग्रही हुतात्मा झाले आणि तिथे हजर असलेले मामलेदारही मारले गेले. बंदूक ही सरकारची वस्तू आहे, ही समजूत उरण-पनवेलच्या गावांत कशी रुजली हे समजून घेताना हा दिवस विसरून चालत नाही.

पुढचे समजण्यासाठी रिव्हॉल्व्हर आणि पिस्तूल यांतला फरक नीट पाहायला हवा, कारण रोजच्या बोलण्यात दोन्हीला सर्रास पिस्तूलच म्हणतात. रिव्हॉल्व्हरमध्ये नळीच्या मागे एक फिरते सिलिंडर असते, त्यात बहुधा सहा घरे असतात, प्रत्येक घरात एक काडतूस बसते आणि चाप ओढला की सिलिंडर एका घराने फिरून घोडा पडतो. जुन्या मराठीतले ‘सहाबारी’ हे नाव या सहा बारांवरून आले. सॅम्युएल कोल्टने १८३० च्या दशकात या रचनेचे पेटंट घेतले, आणि १८५१ मध्ये रॉबर्ट अ‍ॅडम्सने इंग्लंडात असे रिव्हॉल्व्हर आणले की त्याचा घोडा अंगठ्याने मागे ओढावा लागत नसे, एकट्या चापाने तो उठून पडत असे. अर्धस्वयंचलित पिस्तुलात सिलिंडर नसते. काडतुसे मुठीतल्या मॅगझिनमध्ये, म्हणजे स्प्रिंगच्या डबीत, एकावर एक बसतात. वरची स्लाइड जोराने मागे खेचून सोडली की पहिले काडतूस नळीत जाते, आणि त्यानंतर प्रत्येक बाराच्या धक्क्यानेच रिकामे काडतूस बाहेर पडून नवे आत येते. मराठी स्मृतीत हे दुसरे शस्त्र ब्राऊनिंग या नावाने आले, कारण २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर झाडलेल्या गोळ्या ब्राऊनिंग पिस्तुलाच्या होत्या. गुप्तपणे आणलेले, कटातले, सरकारला धास्ती घालणारे शस्त्र अशीच पिस्तुलाची प्रतिमा त्यानंतर बराच काळ राहिली, तर रिव्हॉल्व्हर म्हटले की साहेबाच्या आणि फौजदाराच्या कमरेचे वेब्ली डोळ्यांसमोर येई.

पिस्तूल नकोसे वाटणाऱ्या व्यक्तीची अडचण बहुधा स्लाइडपाशी सुरू होते. ती खेचायला बोटांत आणि मनगटात जोर लागतो, अर्धवट खेचली तर काडतूस अडकते, आणि मॅगझिन काढून ठेवले तरी एक काडतूस नळीत राहिलेले असू शकते. शस्त्र रिकामे आहे या समजुतीने झालेल्या कितीतरी अपघातांचे मूळ या एका काडतुसात आहे. वेब्लीच्या धर्तीचे रिव्हॉल्व्हर मात्र वरची कडी दाबली की बिजागरीवर मधोमध मोडल्यासारखे उघडते, सहाही घरे एका नजरेत दिसतात, रिकामी की भरलेली हा प्रश्नच उरत नाही, आणि एखादे काडतूस उडाले नाही तर चाप पुन्हा ओढताच पुढचे घर समोर येते. या गुणांमुळे कचरणाऱ्या हाताला रिव्हॉल्व्हर सुचवले जाते, आणि ते योग्यच आहे. मात्र त्याची दुसरी बाजू विक्रीच्या वेळी क्वचितच सांगितली जाते: घोडा आधी न चढवता चाप ओढायचा तर बहुतेक रिव्हॉल्व्हरांत चारपाच किलोंचा जोर एका बोटाने लावावा लागतो, त्या जोरात नळी हलते आणि नेम सुटतो. शस्त्र हलके असेल तर त्याच काडतुसाचा झटकाही हाताला अधिक बसतो. बाईच्या हाताला लहान आणि हलके शस्त्र बरे, ही समजूत म्हणूनच अर्धीच खरी आहे.

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर शस्त्राचा प्रश्न हक्काच्या भाषेत मांडला गेला होता. काँग्रेसच्या १९३१ च्या कराची ठरावात, नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांमध्ये होता. डिसेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत ह. वि. कामत यांनी तो राज्यघटनेत यावा अशी दुरुस्ती सुचवली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिला विरोध केला, आणि असा सरसकट हक्क चोराला व सराईत गुन्हेगारालाही मिळेल हे दाखवून दिले. दुरुस्ती फेटाळली गेली आणि शस्त्र हा परवान्याचाच विषय राहिला.

त्यातून आलेल्या १९५९ च्या शस्त्र कायद्याचे कलम १३ या विषयात सर्वांत बोलके आहे, तरी त्याकडे फारसे लक्ष जात नाही. रक्षणासाठी वा खेळासाठी किमान वीस इंच लांबीच्या गुळगुळीत नळीची बंदूक, किंवा पिकासाठी ठासणीची बंदूक मागणाऱ्याला परवाना द्यावा, असा त्या कलमाचा रोख आहे. रिव्हॉल्व्हर आणि पिस्तूल मात्र उरलेल्या गटात येतात, तिथे अर्जदाराने ‘सबळ कारण’ दाखवावे लागते आणि ते पटले की नाही हे परवाना अधिकारी ठरवतो. घराच्या रक्षणासाठी कायद्याच्या मनात बारा बोरची लांब बंदूक आहे. आखूड, लपवता येणारे शस्त्र त्याला आधीपासूनच संशयास्पद वाटते. त्यात भर बोरची, म्हणजे नळीच्या आतील व्यासाची. लष्कराचा व पोलिसांचा दारूगोळा खासगी हातांत जाऊ नये म्हणून ०.३८, ०.४५५ आणि ९ मिलिमीटर हे व्यास सामान्य नागरिकाला निषिद्ध ठरले, आणि सरकारी परवान्यावर उरले ते प्रामुख्याने बत्तीस बोर, म्हणजे ०.३२ इंच. जगात जिथे घरगुती रिव्हॉल्व्हर म्हटले की अडतीसचा विचार होतो, तिथे नवी मुंबईच्या ग्राहकापुढे तो पर्यायच येत नाही.

बत्तीस बोरमध्येही एक बारकावा आहे, तो हाताळताना चुकला तर शस्त्र निरुपयोगी होते. रिव्हॉल्व्हरचे आणि पिस्तुलाचे काडतूस दोन्ही ‘बत्तीस’च म्हणवतात, पण रिव्हॉल्व्हरचे लांब, रुंद कडेचे आणि बहुधा उघड्या शिशाच्या गोळीचे असते, तर पिस्तुलाचे आखूड आणि धातूचे कवच चढवलेल्या गोळीचे. देशी काडतुसाच्या बुडावर केएफ अशी इंग्रजी अक्षरे ठोकलेली दिसतात. ती १८६९ मध्ये स्थापन झालेल्या खडकीच्या दारूगोळा कारखान्याची खूण आहे. नवी मुंबईच्या कपाटात बंद असलेल्या शस्त्राचा महाराष्ट्राशी असलेला सर्वांत जवळचा संबंध म्हणजे पितळेवरची ही दोन अक्षरे.

१९८० च्या दशकाच्या मध्यावर खासगी व्यक्तींनी शस्त्रे आयात करणे जवळपास थांबले, आणि आधीच देशात असलेल्या वेब्ली, कोल्ट, स्मिथ अँड वेसन यांच्या किमती कुटुंबाच्या आवाक्याबाहेर गेल्या. ती जागा सरकारी आयुध कारखान्यांच्या बत्तीस बोर रिव्हॉल्व्हरने घेतली. कानपुरात तयार होणाऱ्या त्या रिव्हॉल्व्हरची घडण वेब्लीच्याच चौथ्या नमुन्यावर बेतलेली होती, म्हणजे फौजदाराच्या कमरेचे शस्त्र एका व्यासाने बारीक होऊन नागरिकाच्या घरी आले. जानेवारी २०१४ मध्ये कानपूरच्या फील्ड गन फॅक्टरीने टायटॅनियमच्या मिश्रधातूचे, सुमारे ५०० ग्रॅम वजनाचे ‘निर्भीक’ आणले आणि दिल्लीतील डिसेंबर २०१२ च्या अत्याचारानंतर जनमानसात रुजलेल्या नावाशी नाते सांगत ते स्त्रियांसाठीचे रिव्हॉल्व्हर म्हणून पुढे ठेवले. त्याची किंमत सव्वा लाखाच्या घरात होती. ज्या रस्त्यांवर, बसमध्ये आणि लोकलच्या डब्यात स्त्रीला भय वाटते, तिथे या किमतीचे आणि परवान्याच्या अटींनी बांधलेले शस्त्र किती जणींच्या पर्समध्ये असणार होते, हा प्रश्न त्या वेळी स्त्री संघटनांनी उपस्थित केला आणि तो रास्त होता. ऑगस्ट २०२३ मध्ये कानपूरच्याच सरकारी कंपनीने ‘प्रबल’ आणले. त्याचे सिलिंडर बाजूला उघडते, वजन सुमारे ७०० ग्रॅम आहे आणि नळी ७६ मिलिमीटरची. वर सांगितलेला झटक्याचा हिशेब लक्षात घेता हे दोनशे ग्रॅम हाताच्या फायद्याचेच आहेत.

नवी मुंबईत या साऱ्याची कचेरी बदलली ती १९९४ मध्ये. त्या वर्षी शहराचे स्वतंत्र पोलीस आयुक्तालय झाले आणि परवान्याचा अधिकार आयुक्तांकडे आला. जमिनीच्या मोबदल्यातून, साडेबारा टक्के योजनेच्या भूखंडांतून आणि बांधकामातून पैसा वाढला तशी शस्त्राची मागणीही वाढली, आणि पिकाची राखण हे कारण मागे पडून खंडणी आणि जिवाला धोका ही कारणे अर्जांत पुढे आली. घरही बदलले होते. आगरी कौलारू घराला अंगण असे आणि आवाज वाडीभर जाई. सदनिकेत मात्र पलीकडच्या शेजाऱ्याचा पलंग आणि आपली खोली यांत पुष्कळदा चार इंची विटांची भिंत, नाहीतर लाकडी दार एवढेच अंतर असते, आणि दारातून वा खिडकीतून गेलेली गोळी कोणाच्या घरी थांबेल हे झाडणाऱ्याच्या हाती राहत नाही. खासगी बचावाचा हक्क भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये आहे, सूर्यास्तानंतरच्या घरफोडीचा त्यात वेगळा उल्लेखही आहे, पण गरजेपेक्षा अधिक इजा करण्याची मुभा तो हक्क देत नाही.

या सगळ्या काळात परवाना व्यक्तीच्या नावे राहिला, घराच्या नावे कधीच झाला नाही, आणि ती व्यक्ती बहुतेक वेळा पुरुष असे. पतीच्या परवान्यावरचे रिव्हॉल्व्हर पत्नीने स्वतःचे म्हणून वापरावे, अशी कायद्यात सोय नाही. तिला स्वतःचा अर्ज करावा लागतो, २१ वर्षे पूर्ण असावी लागतात, पोलीस चौकशीला सामोरे जावे लागते, आणि २०१६ च्या नियमांपासून शस्त्र सुरक्षितपणे हाताळण्याचे प्रशिक्षणही घ्यावे लागते. ही प्रशिक्षणाची अट सर्वांत उशिरा आली, ती खरे तर सर्वांत आधी यायला हवी होती. स्लाइड खेचण्याची, नळी रिकामी आहे की नाही हे पाहण्याची आणि चापावर बोट केव्हा ठेवायचे याची रीत जिला कोणी शिकवलीच नाही, तिचा संकोच हा स्वभावाचा दोष ठरवून तिच्या हाती ‘सोपे’ शस्त्र देणे अन्यायाचे आहे. सराव केल्यावरही ती रिव्हॉल्व्हरच पसंत करील, किंवा शस्त्रच नको म्हणेल, तर तो तिचा निर्णय. घरातल्या दोघांपैकी कपाटातल्या वस्तूच्या जोखमीचा अंदाज पुष्कळदा तिलाच अधिक असतो, कारण किल्ली कुठे ठेवली आहे आणि मुले कुठे हात घालतात हे तिला ठाऊक असते.

२०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीकडील शस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली आणि परवान्याची मुदत पाच वर्षांची केली. निवडणूक आली की छाननी होते आणि ज्यांना सूचना मिळते ते आपले शस्त्र पोलीस ठाण्यात जमा करून पावती घेतात. खंडेनवमीला तेच रिव्हॉल्व्हर रिकामे करून, उघडून, पाटावर झेंडूच्या फुलांशेजारी ठेवले जाते, आणि सहा घरांच्या कडेला हळदीकुंकू लागते. परवानाधारकाचा मृत्यू झाला, की कलम २१ नुसार ते शस्त्र विनाविलंब जवळच्या ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावे लागते. वारसाला ते आपल्या नावे हवे असेल तर त्याने नवा अर्ज करायचा असतो, आणि २०१६ च्या नियमांनी वारसांत पत्नी, मुली व सुनाही मोजल्या आहेत. त्या वेळी ठाण्याच्या टेबलावर रिव्हॉल्व्हर उघडून सहाही घरे रिकामी असल्याचे दाखवायचे काम बहुधा तिच्यावर येते, जिला ते घेताना विचारलेले नसते.