वेधशाळेची नोंदवही आणि विज्ञानशिक्षकाचे प्रशिक्षण

महाराष्ट्रातील विज्ञानशिक्षणाच्या इतिहासात पाठ्यपुस्तके, परिभाषा आणि परीक्षा यांचा विचार बराच झाला आहे. मोजमापाची विद्या शिक्षकाच्या हाती कशी आली, अथवा का आली नाही, हा प्रश्न मात्र बहुधा बाजूलाच राहिला. आज तो पुन्हा विचारावयास एक निमित्त आहे. ठाणे आणि कल्याण-डोंबिवली या पट्ट्यातील काही शाळांत अलीकडे सेन्सर म्हणजे संवेदक, ते संगणकास जोडणारी छोटी यंत्रे आणि प्रयोगास उपयोगी पडणारे मोबाइल फोन दिसू लागले आहेत, आणि ही साधने वापरावयास शिक्षकांना शिकवावे कसे याची चर्चा सुरू झाली आहे. ही चर्चा बहुतेक वेळा प्रश्न अगदी नवा आहे असे गृहीत धरून चालते. वस्तुस्थिती तशी नाही.

ईस्ट इंडिया कंपनीने 1826 मध्ये मुंबईस कुलाबा येथे वेधशाळा स्थापन केली. 1841 पासून तेथे ऑर्लेबार यांच्या देखरेखीखाली भूचुंबकत्वाच्या नियमित नोंदी होऊ लागल्या. या नोंदींचे दैनंदिन काम एतद्देशीय साहाय्यकांकडे असे. अलिबागजवळच्या नागावचे केरो लक्ष्मण छत्रे हे त्यांपैकी एक होत. ते पोरवयातच वेधशाळेत दाखल झाले आणि सुमारे दहा वर्षे तेथे राहिले. त्यांचे गुरू बाळशास्त्री जांभेकर यांचाही या वेधशाळेच्या कारभाराशी निकटचा संबंध होता. 1845 मध्ये शिक्षक तयार करण्यासाठी मुंबईत जो नॉर्मल वर्ग निघाला, त्याची जबाबदारी याच जांभेकरांवर आली. पुढे छत्रे पुण्यास गेले आणि तेथे त्यांनीही भावी शिक्षकांना गणित व सृष्टिशास्त्र शिकविले. म्हणजे मराठी मुलखातील शिक्षक-प्रशिक्षणाच्या आरंभी, वेध घेणे आणि शिक्षक घडविणे ही दोन्ही कामे एकाच गुरुशिष्यांच्या हाती होती. हा योगायोग किती दुर्मीळ होता याची जाणीव आपल्याकडे फारशी दिसत नाही.

या योगायोगाचे फलित काय? जांभेकर 1846 मध्ये अकाली निवर्तले. छत्र्यांनी 1860 मध्ये ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ हा ग्रंथ सिद्ध केला, पंचांगशोधनात पुढाकार घेतला, सूर्यावरील डाग आणि हवामान यांच्या संबंधाचा विचार केला. हे सारे वेधशाळेत मुरलेल्या माणसाचे काम आहे. पण त्या पिढीने शिक्षकांसाठी मागे ठेवले ते मुख्यत्वे पुस्तक. उपकरण आणि त्याची नोंदवही शाळेपर्यंत पोहोचली नाही. त्याचा दोष त्या पिढीस देणे अन्यायाचे होईल. गावोगावच्या शाळेत बॅरोमीटर नेऊन ठेवणे त्या काळी कोणाच्याच आवाक्यात नव्हते. तथापि कल्याणच्या वाचकाने हेही ध्यानात घ्यावे की, 1882 च्या ठाणे जिल्हा गॅझेटियरमध्ये पर्जन्याचे आकडे छापले गेले आहेत. म्हणजे पाऊस मोजला जात होता. तो सरकारदरबारी मोजला जात होता, शाळेत नव्हे. आकडा हा सरकारचा आणि धडा हा मास्तरांचा, अशी वाटणी तेव्हापासून पडली आणि ती दीर्घकाळ टिकली.

कुलाब्याचा पुढील इतिहास आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे. चार्ल्स चेंबर्स यांच्या कारकीर्दीत, 1872 च्या सुमारास, तेथे छायाचित्रणाने आपोआप नोंद करणारी चुंबकमापके बसविण्यात आली. चुंबकावरील आरशातून परावर्तित होणारा प्रकाशकिरण फिरत्या संवेदनशील कागदावर रेषा उमटवीत जाई. साहाय्यकाने ताशी उठून आकडा वाचण्याची गरज संपली. वरवर पाहता निरीक्षक अनावश्यक झाला असे वाटते. प्रत्यक्षात तसे घडले नाही. कागदावरील रेषा फक्त चढउतार सांगते. ती कोणत्या मूल्यापासून मोजावयाची हे ठरविण्यासाठी निराळ्या उपकरणाने, हाताने, निरपेक्ष मोजणी करावी लागे. ती आधाररेषा नसेल तर सुंदर वक्र हे केवळ चित्र राहते. यंत्राने निरीक्षकाचे श्रम नाहीसे केले नाहीत. ते वाचनाकडून प्रमाणनाकडे सरकविले. शाळेत संवेदक आणू पाहणाऱ्यांनी या इतिहासातून घ्यावयाचा मुद्दा हाच आहे, असे आमचे मत आहे.

ट्रामगाड्या विजेवर चालविण्याचे ठरले तेव्हा कुलाब्याच्या चुंबकीय नोंदी दूषित होणार हे उघड झाले. वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई मूस यांनी चुंबकीय कार्य 1904 मध्ये अलिबागला नेले. छत्रे ज्या परिसरातून आले, तेथेच त्यांच्या नोंदींची परंपरा गेली. काही काळ दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेऊन जुनी व नवी मालिका जुळवून घेण्यात आली. हीही प्रमाणनाचीच एक रीत होय. 1907 मध्ये मुंबईत विजेच्या ट्राम धावू लागल्या. पुढे ठाणे-कल्याणच्या लोहमार्गाचेही विद्युतीकरण झाले आणि त्यासाठी ठाकुर्लीस चोळा येथे वीजघर उभे राहिले. ते आता बंद आहे. पण रुळांलगतच्या डोंबिवलीतील शाळेने फोनमधील चुंबकमापी एकदा रुळांजवळ आणि एकदा मोकळ्या मैदानात धरून पाहिला, तर मूस यांना मुंबई का सोडावी लागली हे एका तासिकेत समजावे.

स्वातंत्र्योत्तर काळात प्रयोग शिक्षकाच्या हाती देण्याचा खरा प्रयत्न झाला तो सत्तरच्या दशकात. 1972 मध्ये मध्य प्रदेशात होशंगाबाद विज्ञान कार्यक्रम सुरू झाला. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञ महापालिकेच्या शाळांतून काम करीत होते; त्यातून 1974 मध्ये होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र निघाले. आरंभी ते नाना चौकातील महापालिका शाळेत होते, आज ते ठाण्याच्या खाडीअलीकडे मानखुर्द येथे आहे. व्ही. जी. कुलकर्णी यांच्या नेतृत्वाखाली केंद्राने जळगाव जिल्ह्यातील खिरोदा येथे ग्रामीण शाळांतील शिक्षकांबरोबर काम केले. होशंगाबादच्या शिबिरांत शिक्षक आधी स्वतः विद्यार्थी होऊन प्रयोग करीत. सर्व गटांचे आकडे फळ्यावर मांडले जात आणि ते सारखे का नाहीत यावर चर्चा होई. स्वस्त साहित्य हे त्या कार्यक्रमाचे वैशिष्ट्य म्हणून नेहमी सांगतात. आमच्या मते त्याचे खरे वैशिष्ट्य हा फळा होता.

याच सुमारास परदेशी निराळी वाट फुटली. अमेरिकेत ऐंशीच्या दशकात रॉबर्ट टिंकर, रोनल्ड थॉर्नटन प्रभृतींनी लहान संगणकास संवेदक जोडून शालेय प्रयोग रचले. विद्यार्थी स्वतः चालतो आणि त्याच्या गतीचा आलेख तत्क्षणी पडद्यावर उमटतो. 1987 मध्ये हेदर ब्रासेल यांनी दाखविले की, आलेख अवघ्या वीस सेकंदांनी उशिरा दाखविला तरी या रीतीचा बहुतेक लाभ नष्ट होतो. आपल्याकडे नवी दिल्लीच्या आंतरविद्यापीठ त्वरक केंद्रात अजित कुमार यांनी ‘एक्सपाइज’ हे अल्पखर्ची यंत्र सिद्ध केले. त्याची रचना आणि आज्ञावली दोन्ही सर्वांना खुल्या आहेत. 2016 पासून अटल टिंकरिंग प्रयोगशाळांना वीस लाखांपर्यंत अनुदान मिळू लागले. म्हणजे छत्र्यांच्या काळी असलेली उपकरणाची अडचण पुष्कळ अंशी दूर झाली.

परंतु ब्रासेल यांच्या निष्कर्षास दुसरी बाजू आहे. आलेख जितका तात्काळ, तितका तो निर्विवाद वाटतो. उष्णतारोधक, म्हणजे थर्मिस्टर, तापमान मोजत नाही; त्याचा विद्युत्‌रोध बदलतो, यंत्र व्होल्टता मोजते, आणि तापमानाचा आकडा एका सूत्रातून येतो. ते सूत्र कोणी, कोणत्या दोन बिंदूंवरून बसविले? वितळता बर्फ आणि उकळते पाणी म्हणावे, तर पाणी कल्याणला जवळजवळ 100 अंशांवर उकळते आणि समोर दिसणाऱ्या माथेरानवर सुमारे अडीच अंश आधीच. शिक्षकांच्या प्रशिक्षणात जोडणी व आज्ञावली यांतच दिवस संपला आणि प्रमाणन ‘कारखान्यात झालेले आहे’ म्हणून सोडून दिले, तर आपण यंत्रासह पुन्हा धड्यापाशीच येतो. कार्यशाळेच्या पहिल्या दिवशी पाच गटांनी पाच संवेदक एकाच भांड्यात बुडवून मिळणारे पाच निरनिराळे आकडे फळ्यावर लिहावेत. यंत्राची ओळख दुसऱ्या दिवशी झाली तरी चालेल.

या प्रदेशात हा प्रश्न केवळ अध्यापनपद्धतीचा नाही. 1993 पासून चाललेल्या राष्ट्रीय बालविज्ञान परिषदेच्या महाराष्ट्रातील संयोजनात ठाण्याच्या जिज्ञासा ट्रस्टचा मोठा वाटा आहे. या उपक्रमात मुले मार्गदर्शक शिक्षकासह आपल्याच परिसराची पाहणी करतात, आणि हा परिसर कारखान्यांचा आहे. 2020 च्या फेब्रुवारीत डोंबिवली औद्योगिक क्षेत्रातील एक रस्ता रसायनांनी गुलाबी झाला तेव्हा मुख्यमंत्र्यांना पाहणीस यावे लागले. रंग डोळ्यांना दिसतो. अंबरनाथ-उल्हासनगरातून कल्याणकडे येणाऱ्या वालधुनीच्या पाण्याची आम्लता दिसत नाही, ती मोजावी लागते. ती मोजणारी कांडी आधी 7 आणि 4 या ज्ञात मूल्यांच्या द्रावणांत बुडवून जुळवून घ्यावी लागते. ती जुळवली होती काय, केव्हा, आणि ते नोंदवहीत कोणी लिहिले, एवढे तीन प्रश्न कोणाही हितसंबंधी व्यक्तीने विचारले, आणि शिक्षकापाशी उत्तर नसले, तर वर्षभर जमविलेले आकडे त्याच बैठकीत निकालात निघतात. कुलाब्याच्या साहाय्यकास आपल्या वहीविषयी हे तिन्ही प्रश्न कोणी विचारले असते, तर त्याला त्यांची उत्तरे देता आली असती.