कोरांटी

कोरांटी : (काटेकोरांटी, वज्रदंती, सं. कुरंटक, सहचर, हिं. कटसरैया; क. गोरंटे, लॅ. बार्लेरिया प्रायोनिटिस, कुल – ॲकँथेसी). पिवळ्या फुलांचे हे काटेरी, बहुवर्षायू झुडूप भारतात सर्वत्र, तसेच आफ्रिका व आशियाच्या उष्ण प्रदेशांत आढळते. बार्लेरिया ही प्रजाती झाक बारलिए या सतराव्या शतकातील फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाच्या नावाने ओळखली जाते. या जातीचे शास्त्रीय वर्णन कार्ल लिनीअस यांनी 1753 मध्ये केले. कोल्हापूर जिल्ह्यात ती माळरानावर, शेताच्या बांधावर, कुंपणात व परसबागेत दिसते. जिल्ह्यातील वनस्पतींची शास्त्रीय नोंद एस. आर. यादव व एम. एम. सरदेसाई यांच्या 2002 मधील कोल्हापूर जिल्ह्याच्या वनश्रीविषयक ग्रंथात आहे.

वर्णन : झुडूप सु. 0.6 ते 1.5 मी. उंच असून त्याचे सोटमूळ खोल जाते, त्यामुळे पाऊस संपल्यावरही ते तग धरते. पाने साधी व समोरासमोर येतात आणि त्यांच्या बगलेत, म्हणजे पान व खोड यांच्यामधील कोनात, 1 ते 2 सेंमी. लांबीचे तीन-चार ताठ काटे असतात. पावसाळ्याच्या अखेरीपासून हिवाळ्यापर्यंत फुले येतात. खालच्या बगलांत ती एकेकटी, तर शेंड्याकडे दाटीने कणसासारख्या फुलोऱ्यात असतात. पुष्पमुकुट नळीसारखा व द्विओष्ठी असतो. त्याच्या वरच्या ओठाला चार व खालच्या ओठाला एक पाकळी असते आणि दोन लांब केसरदले बाहेर डोकावतात. चोचीसारखे टोक असलेल्या बोंडात दोन चपट्या बिया असतात. बोंड पिकून तडकले की आतील आकडीसारख्या वाढीमुळे त्या दूर फेकल्या जातात. बियांवर चिकटून बसलेले केस पाण्याने भिजताच फुगून बुळबुळीत होतात.

जमीन व हवामान : कोरांटीला दिवसभराचे ऊन व पाण्याचा निचरा होणारी जमीन हवी, सावलीत फांद्या लांबट होऊन फुले कमी येतात. कोल्हापूर जिल्ह्यात पश्चिमेकडील गगनबावड्याला अतिवृष्टी होते, तर पूर्वेकडील शिरोळ भागात पाऊस बेताचा पडतो, म्हणून एकाच जिल्ह्यात लागवडीची रीत बदलावी लागते. घाटाकडील जांभ्या जमिनीत रोप उंचवट्यावर किंवा उतारावर लावले की मुळांशी पाणी साचत नाही. पंचगंगेकाठच्या भारी काळ्या जमिनीत वरंबा करून, माती-शेणखताबरोबर वाळू किंवा मुरूम मिसळणे इष्ट ठरते. उसाच्या पाटाचे पाणी सतत झिरपत असलेला बांध मात्र तिला मानवत नाही, कारण दलदलीत मुळे कुजतात.

लागवड व निगा : अभिवृद्धी बियांनी किंवा छाटकलमांनी होते. पावसाळ्याच्या सुरुवातीला अर्धवट पक्व फांदीचे तीन-चार पेरांचे तुकडे घेऊन, खालची पाने काढून ते वाळूमिश्रित मातीत खोचतात. मुळे धरल्यावर कुंपणासाठी दोन रोपांत 30 ते 45 सेंमी., तर सुटे झुडूप वाढवायचे असल्यास जास्त अंतर ठेवतात. पहिल्या उन्हाळ्यात अधूनमधून पाणी द्यावे लागते. पुढे मात्र पाणी व नत्रयुक्त खत यांचा अतिरेक केल्यास पाला वाढतो आणि बहर मागे पडतो. निगेतील मुख्य काम छाटणीचे आहे. फुले नव्या फुटव्यांवर येत असल्याने बहर ओसरल्यावर झुडूप निम्म्यापर्यंत छाटतात, म्हणजे पावसाळ्यात बुडाकडून दाट फूट येते. काट्यांमुळे हातमोजे वापरणे सोयीचे असते. बी आपोआप पसरू नये म्हणून बोंडे वाळण्यापूर्वीच कापतात. फांद्यांवर पिठ्या ढेकूण दिसल्यास बाधित शेंडे कापून नष्ट करतात.

उपयोग : काट्यांमुळे गुरे तिच्या वाटेला फारशी जात नाहीत, म्हणून ती जिवंत कुंपणास उपयुक्त ठरते. फुलांना लक्षणीय वास नसला तरी ती पूजेत व हारात वापरतात. लेमन पॅन्सी या फुलपाखराच्या अळ्या कोरांटीवर वाढतात. दातदुखी व हिरड्यांच्या तक्रारींवर पानांचा वापर पारंपरिक असून ‘वज्रदंती’ हे नाव त्यावरून रूढ झाले आहे. अष्टांगहृदयात सहचरादि तैलाचा उल्लेख आहे. ‘सहचर’ म्हणून बहुतेक ठिकाणी कोरांटी घेतली जात असली, तरी केरळात त्याच नावाने कारवीच्या प्रजातीतील वनस्पती वापरतात, त्यामुळे औषधासाठी वनस्पतीची ओळख पटवून घेणे आवश्यक ठरते. उत्तर ऑस्ट्रेलियात शोभेसाठी नेलेली कोरांटी बागेबाहेर पसरून उपद्रवी तण ठरली आहे.

संबंधित जाती : याच प्रजातीतील बार्लेरिया क्रिस्टाटा ही जांभळ्या, गुलाबी किंवा पांढऱ्या फुलांची जाती बागांत लावतात, तिच्या पानांच्या बगलेत पिवळ्या कोरांटीसारखे काटे नसल्याने पायवाटेच्या कडेला व मुलांच्या वावराच्या जागी ती अधिक सोयीची असते.