सवलतीचे शेवटचे स्टेशन

मुंबई-हावडा लोहमार्गावर गोंदिया सुटले की आमगाव, धानोली, सालेकसा आणि मग दरेकसा. त्यापुढे डोंगर, बोगदा आणि बोरतलाव. बोरतलाव छत्तीसगडात, म्हणजे महाराष्ट्राचे शेवटचे स्टेशन दरेकसा. मुंबईपासून रुळांनी मोजले तर अंतर हजार किलोमीटरच्या आसपास भरते. उद्योगांनी मुंबई सोडून मागास भागात जावे म्हणून राज्य सरकार गेली साठ वर्षे जी सवलत देत आले आहे, तिच्या कोष्टकात सालेकसा तालुका अगदी शेवटच्या रकान्यात येतो आणि त्या रकान्यातला दर सर्वांत चढा असतो. असे असूनही दरेकसाच्या माळावर एकही मोठा कारखाना उभा राहिलेला नाही. सामूहिक प्रोत्साहन योजना नावाच्या या व्यवस्थेची वाटचाल मुंबईहून न पाहता दरेकसाहून पाहिली, तर हे असे का झाले ते समजू लागते.

योजनेच्या आधीही या भागात धंदे आले होते. नागपूर-छत्तीसगड रेल्वे 1882 पर्यंत राजनांदगावला पोचली. पुढे 1887 साली स्थापन झालेल्या बंगाल नागपूर रेल्वेने तो मार्ग घेऊन रुंद केला. रेल्वेमुळे गोंदिया जंक्शन झाले, धानाची बाजारपेठ झाली आणि पाठोपाठ राईस मिल आल्या. तेंदूची पाने जंगलात होती आणि हात रिकामे होते, म्हणून बिडीचे कारखानदार आले. त्यांच्यासाठी कुणी करमाफी जाहीर केलेली नव्हती. कच्चा माल, मजूर आणि वाहतूक या तीन गोष्टी एके ठिकाणी सापडल्या की कारखानदाराला आमंत्रण लागत नाही, एवढे तरी यातून दिसते. शिवाय त्या काळी बोगद्याच्या दोन्ही बाजू मध्य प्रांताच्याच अंमलाखाली. पुढे 1956 मध्ये, दरेकसा तेव्हा ज्यात होते तो भंडारा जिल्हा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, 1960 साली महाराष्ट्रात, आणि बोगद्याच्या तोंडाशी राज्याची सीमा येऊन थांबली. सवलतीच्या कथेत ही सीमा पुढे फार मोठे काम करते.

महाराष्ट्र झाल्यावर सरकारपुढचा प्रश्न उघड होता. कारखाने मुंबई, ठाणे आणि पुणे या पट्ट्यात दाटले होते. 1961 साली औद्योगिक विकासाचा कायदा झाला आणि 1 ऑगस्ट 1962 रोजी औद्योगिक विकास महामंडळ, म्हणजे आपली एमआयडीसी, उभी राहिली. भूखंड, रस्ते, पाणी ही तिची जबाबदारी. 1964 साली पहिली सामूहिक प्रोत्साहन योजना आली: या पट्ट्याबाहेर जाल तर करात आणि शुल्कात सूट. 1966 साली सिकॉम ही राज्याची औद्योगिक गुंतवणूक संस्था स्थापन झाली आणि योजनेच्या अंमलबजावणीचा भार पुढे बराच काळ तिच्याकडे राहिला. तालुक्यांची अ, ब, क, ड अशी प्रतवारी झाली, पुढे ड+ आला. ‘अ’ मध्ये मुंबई-पुण्यासारखे विकसित भाग. अक्षर जसजसे खाली सरकते तसतशी सवलत वाढते. 1979, 1983, 1988, 1993, 2001, 2007, 2013, 2019 अशी योजनेची नवी आवृत्ती येत राहिली. सरकारे बदलली, पण गाभा तोच राहिला.

सवलतीचा कणा होता विक्रीकर. कारखान्याला विक्रीकर माफ, किंवा तो ग्राहकाकडून घ्यायचा आणि सरकारात कित्येक वर्षांनी भरायचा. बिनव्याजी भांडवलच ते. मोठ्या कारखान्याला ते अतिशय गोड लागले. पण मागास याचा अर्थ नकाशावर कुठे सुरू होतो? 1979 च्या योजनेतली विक्रीकराची सवलत रिलायन्सच्या पाताळगंगा येथील कारखान्याला मिळाली होती, आणि ती रक्कम आयकराला पात्र ठरते की नाही हा वाद पुढे आयकर अपील न्यायाधिकरणाच्या विशेष पीठापर्यंत गेला. रायगड जिल्ह्याचा तो भाग तेव्हा मागास म्हणून अधिसूचित होता, त्यामुळे नियमाचा भंग कुणीच केला नव्हता. माझा मुद्दा वेगळा आहे. पाताळगंगेहून मुंबईचे बंदर जवळ, मुंबईची बाजारपेठ जवळ आणि वर सवलत. असे ठिकाण यादीत असताना कुठला कारखानदार हजार किलोमीटर लांब येईल? मुंबईची गर्दी हटवायची आणि मागास भाग उभा करायचा, अशी दोन कामे योजनेकडे होती. पहिले बऱ्यापैकी झाले. दुसऱ्यासाठी निव्वळ दराचा चढ पुरला नाही.

म्हणून भंडारा जिल्ह्यात काहीच आले नाही असेही नाही. गडेगावला अशोक लेलँड आली, वरठीला सनफ्लॅगचा पोलाद कारखाना आला. सगळे जिल्ह्याच्या पश्चिमेला, नागपूरच्या बाजूला. 1 मे 1999 रोजी गोंदिया जिल्हा वेगळा झाला तेव्हा हे कारखाने भंडाऱ्याकडे राहिले. नव्या जिल्ह्याच्या वाट्याला राईस मिल, बिडी, जंगल आणि तलाव आले. त्याच वर्षी राज्यांच्या अर्थमंत्र्यांचे एकमत झाले की विक्रीकराच्या सवलतींची आपसातली चढाओढ थांबवायची, आणि 2000 च्या आरंभापासून त्या सवलती बंद करण्याचे ठरले. ज्या साली गोंदिया जिल्हा जन्मला त्याच साली योजनेचे जुने मुख्य अस्त्र म्यान करायचे ठरले. योगायोगच, पण महागडा.

त्यानंतरच्या 2001 च्या योजनेत विद्युत शुल्क माफी, मुद्रांक शुल्क माफी, जकातीचा परतावा अशा गोष्टी उरल्या. 2007 मध्ये औद्योगिक प्रोत्साहन अनुदान आले. नाव अनुदानाचे असले तरी हिशेब पुन्हा कराशीच बांधलेला, आधी व्हॅटशी आणि 2017 नंतर राज्याच्या वाट्याच्या जीएसटीशी. 2013 च्या योजनेत ‘नक्षलग्रस्त क्षेत्र’ असा गट ड+ च्याही पुढे ठेवला गेला. गोंदिया जिल्हा त्यात होता. दरेकसात सशस्त्र पोलीस दूरक्षेत्र होते, नक्षल्यांच्या एका दलमला तर याच गावाचे नाव होते. त्यामुळे सर्वोच्च दर या भागाला कागदोपत्री लाभला.

आता हा सर्वोच्च दर इथल्या माणसाच्या हातात कसा पडतो ते बघू. समजा एखाद्याने सालेकसा तालुक्यात राईस मिल टाकली. सुट्या, शिक्का नसलेल्या तांदळावर जीएसटी नाही. जुलै 2022 पासून 25 किलोपर्यंतच्या लेबल लावलेल्या पिशवीवर तो पाच टक्के आहे, पण पोत्याने जाणाऱ्या तांदळावर शून्यच. आता शून्याचे शंभर टक्के काढले तरी हाती शून्यच येणार. बरे, त्याने कर लागणारा माल काढला असे धरू. जवळची गिऱ्हाइके डोंगरगड, राजनांदगाव, रायपूरची. तिकडे माल गेला की विक्री आंतरराज्य ठरते. तिच्यावर एकात्मिक जीएसटी लागतो, राज्याचा नव्हे, आणि अनुदानाचा हिशेब राज्यात झालेल्या विक्रीवर असतो. बोगद्यापलीकडे माल विकला की अनुदान बोगद्यातच राहिले. व्याजावर सूट होती खरी, पण 2013 च्या योजनेत तिला त्या वर्षीच्या वीजबिलाची मर्यादा होती. मोठी यंत्रे चालवणाऱ्याला ती पुरून उरते, मोहफुलाचा किंवा डिंकाचा छोटा उद्योग करणाऱ्याचे वीजबिलच किती असणार? तिन्ही अटी वेगवेगळ्या पाहिल्या तर वाजवी वाटतात. दरेकसात त्या एकत्र आल्या की सर्वाधिक सवलतीच्या भागात सर्वांत कमी सवलत मिळते.

तिरोड्याचे उदाहरण लगेच पुढे केले जाते, आणि ते टाळूही नये. गोंदिया जिल्ह्यातच, तिरोड्याच्या एमआयडीसीत, अदानींचा 3,300 मेगावॅटचा औष्णिक वीज प्रकल्प आहे. 660 मेगावॅटचे पाच संच 2012 ते 2014 या काळात सुरू झाले. पण तिथे वैनगंगेचे पाणी, कोळशासाठी लोहमार्ग आणि महामंडळाची तयार जमीन होती. दरेकसाला यातला लोहमार्ग तेवढा आहे. जमीन म्हणावी तर एक तर वनाची, तिला 1980 चा वन संवर्धन कायदा, नाही तर आदिवासी शेतकऱ्याची. आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला देण्यावर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 36-अ चे बंधन आहे. ते असलेच पाहिजे. कारखाना यावा म्हणून ते सैल करा, असे म्हणणाऱ्यांच्या रांगेत मी नाही. इथल्या उद्योगाचा आकार या दोन मर्यादांच्या आत बसला पाहिजे, एवढाच त्याचा अर्थ. आणि सामूहिक प्रोत्साहन योजना नेमकी त्याच आकाराला ओळखत नाही.

ग्रामपंचायत काय देऊ शकते? फारसे काही नाही. 1958 च्या ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम 125 नुसार कारखान्याशी करांऐवजी ठोक रकमेचा करार करता येतो, आणि ना हरकत दाखला वेळेवर देता येतो. कलम 125 चा उपयोग करायला आधी कारखाना हवा, हे ओघाने आलेच.

मग आकाराला साजेशी मदत कुठून आली? जिल्हा उद्योग केंद्रातून. डिसेंबर 1977 च्या औद्योगिक धोरणात जॉर्ज फर्नांडिस यांनी ही केंद्रे मांडली आणि 1978 पासून ती जिल्ह्याजिल्ह्यात सुरू झाली. उद्योजकाला सगळे एकाच छताखाली मिळावे ही कल्पना. प्रत्यक्षात छत मिळाले, खाली बरेच कागद. तरीही खेड्यातल्या तरुणाला सरकारचे उद्योग खाते म्हणून जे दार माहीत आहे ते हेच. बीज भांडवल योजना इथूनच, 2008 पासून पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमाचे अर्ज इथून, 2019 पासून मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमाचेही. ग्रामीण भागातल्या आदिवासी किंवा महिला अर्जदाराला प्रकल्प खर्चाच्या 35 टक्के अनुदान असते. पंतप्रधान कार्यक्रमात कारखानदारीच्या प्रकल्पाची मर्यादा 2022 मध्ये 25 लाखांवरून 50 लाखांवर गेली. हे अनुदान विक्री कुठे झाली ते विचारत नाही, कर किती भरला तेही विचारत नाही. ते भांडवलावर मिळते. दरेकसासाठी फरक पडतो तो इथे.

मात्र मध्ये बँक असते. जिल्हा उद्योग केंद्राने शिफारस केली तरी कर्ज बँकेने मंजूर करायचे, आणि तारण मागायची सवय बँकेला सुटत नाही. जी जमीन कायद्याने हस्तांतराला बंद, ती तारणालाही अडचणीचीच. अशा अर्जदारासाठी शबरी आदिवासी वित्त व विकास महामंडळ आहे, आणि देवरीच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयातूनही योजना चालतात. पण उद्योग खाते, आदिवासी विकास खाते आणि वनखाते यांचे कागद एकमेकांना भेटत नाहीत. मोहफुलांच्या संकलनावरचे आणि वाहतुकीवरचे निर्बंध 2021 मध्ये उठले, तेव्हा त्यावर प्रक्रिया करणारे गट उभे करण्याची उत्तम वेळ होती. शेजारच्या छत्तीसगडात, बिजापूरला, 2018 साली वनोपजावर प्रक्रिया करणाऱ्या वन धन केंद्रांची सुरुवात झाली होती. शिकायला लांब जायची गरज नव्हती.

शेजाऱ्याचा आणखी एक धडा आहे. 2023 पासून छत्तीसगडने धानाला क्विंटलमागे 3,100 रुपयांपर्यंत देण्याचे धोरण ठेवले. हा शेतकऱ्याला दिलेला पैसा, उद्योगाची सवलत नव्हे, तरी इकडचे धान तिकडे ओढले जाते आणि तिकडचे सरकार ते अडवायला नाकी लावते. राईस मिलला कच्चा माल लागतो. भाव पलीकडे चढला की अलीकडच्या मिलचे गणित बिघडते, मग तिला विद्युत शुल्क माफ असो वा नसो. सीमेवरच्या तालुक्यासाठी धोरण आखताना मुंबईकडे पाहून भागत नाही, रायपूरकडे पाहावे लागते.

दरेकसाजवळ कचारगड हे गोंडांचे श्रद्धास्थान आहे. माघ पौर्णिमेला तिथे अनेक राज्यांतून गोंडी समाज लोटतो. हाजरा फॉल धबधब्यावर पावसाळ्यात गर्दी असते. उद्योगाची सगळ्यात स्वाभाविक वाढ इथे याच दिशेने होईल, आणि 2024 च्या पर्यटन धोरणात निवासाच्या छोट्या सोयींना जागा आहे. त्या धोरणाचा लाभ गावच्या गटांना मिळावा, बाहेरच्या हॉटेलवाल्याला नव्हे, ही काळजी मात्र आधी घ्यावी लागेल.

2019 च्या योजनेची ठरलेली मुदत 31 मार्च 2024 रोजी संपली. 2025 च्या अखेरीस महाराष्ट्र, मध्य प्रदेश आणि छत्तीसगडच्या सीमाभागातल्या नक्षल्यांनी गोंदियात शस्त्रे खाली ठेवली. ही चांगलीच बातमी. पण सर्वोच्च सवलत ज्या ‘नक्षलग्रस्त’ या शब्दावर उभी होती, तो शब्द पुसला गेला की तालुका कुठल्या गटात जाणार, याचे उत्तर आधी ठरवा. प्रतवारी बंदुकीवर न ठेवता तालुक्याच्या उत्पन्नावर आणि राज्याच्या सीमेपासूनच्या अंतरावर ठेवा. अनुदान करावर न देता भांडवलावर द्या, आणि परराज्यातली विक्रीही हिशेबात धरा. उद्योग खात्याने एवढे तीन बदल केले तर तिजोरीवर फार भार येणार नाही, कारण आजवरच्या पद्धतीने दरेकसाकडून मागणीच फारशी येऊ शकत नाही.